एकट्याला उठू न देणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे आणि माझा जन्मच चुकीचा झाला. दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात उकंडा सुतारानं मला शाळेसाठी घडवलं. पण कापूस यंदा काय भावानं गेला, या गप्पांत तो इतका रंगला, की माझे चारही पाय मधोमध ठोकून बसला. एका टोकाचा उठला की दुसऱ्या टोकाचा आपटायचा. तिसरीचा वर्ग दोनदा पडल्यावर गुरुजींनी मला समाजमंदिरात टाकलं. तिथं काही वर्षं शेळ्या बसल्या. त्यांची तक्रार नव्हती.

पुढं गावोगाव तंटे मिटवायची मोहीम निघाली आणि माझं नशीब उघडलं! निवृत्त नर्स विमलताई मध्यस्थ झाल्या. बाई शेजारच्या गावच्या, तांड्यात कुणाच्याच नात्यातल्या नव्हत्या. भांडणारे माझ्या दोन टोकांना, त्या मध्ये. निवाडा त्या कधीच देत नसत. एकाला बोलू देत, दुसऱ्याला ऐकायला लावत.

त्या दिवशीचं आठवलं की माझ्या फळ्या अजून थरथरतात. कापूस खरेदी केंद्र दुसऱ्या दिवशी बंद होणार होतं. तांड्यातल्या धनसिंगची बैलबंडी कापसानं भरून उभी, आणि वाट हिरासिंगच्या वावरातून. हिरासिंगनं तिथं बाभळीच्या काट्या टाकलेल्या. तासभर दोघं माझ्या दोन टोकांवरून एकमेकांच्या आज्यापर्यंत जाऊन आले. शेवटी धनसिंग ताडकन उठला. मी माझं काम केलं! विमलताई पाय रोवून होत्या, त्या वाचल्या. हिरासिंग थेट जमिनीवर. धनसिंगचा हात आपसूक पुढं गेला.

तो हात धरून हिरासिंग खालूनच म्हणाला, "मांगच्या साली तुह्या बंडीनं माहा हरभरा चेंदला, अन् वरून तू हासला."

"तुले नाही हासलो बाप्पा. बैल तोंडात हरभरा धरून माह्याकडे चोरावानी पाहे, त्याले हासलो."

विमलताईंनी एवढंच विचारलं, "मंग बंडी कशी जाईन आता?"

हिरासिंगनं धोतर झटकलं. "वावराच्या धुऱ्यानं, कडेकडेनं. मी पुढं चालतो. पण त्या बैलाले मुसकं बांध."

काट्या दोघांनीच उचलल्या. सारा तांडा बंडीमागं धावला. मला पाय असून धावता येईना!

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, वाटलं तर रंग द्या. माझे पाय मात्र कुणाला सरळ करू देऊ नका. आणि बसायला याल तेव्हा ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्यालाच सोबत आणा.