अंधारसेन घरी येतो

उज्वलाने अंधारसेनाच्या ओठांवरचं हसू पुन्हा एकदा खोडलं आणि कागदावर साचलेला रबराचा चुरा तळहाताने झटकला. सज्जन हसू काही केल्या त्या तोंडावर बसत नव्हतं. ज्याला इतकी वर्षं नुसते दात विचकायला लावले, त्याला एका दुपारीत गोड हसायला कसं शिकवायचं?

अंधारसेन हा मुलांच्या मासिकातल्या तिच्या चित्रकथेचा खलनायक. गावोगावचा उजेड चोरून पोत्यात भरायचा, हा त्याचा धंदा. दर महिन्याला बिजली नावाची पोरगी त्याला पकडायची आणि दर महिन्याला तो निसटायचा. सकाळी संपादक रविराजचा फोन आला होता.

“ताई, हल्ली मुलांना सुधारलेले खलनायक आवडतात. या अंकात तो सगळा उजेड परत करून आपल्या घरी जाऊ दे. पुढच्या अंकापासून तो बिजलीच्या बाजूने लढेल. नायकच म्हणा ना.”

“बरं झालं की. सुटला बिचारा.”

“आणि पुढचं काम पुण्याची मुलं कॉम्प्युटरवर करतील. चेहरा जरा बदलावा लागेल, ताई. नायक म्हटल्यावर…”

‘म्हणजे माझ्या हातचं हे शेवटचं,’ एवढं म्हणून तिने फोन ठेवला, पण चेहरा बदलणार हे तिला सोसेना. कारण तो चेहरा मल्हारीचा होता, तिच्या थोरल्या भावाचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मल्हारी पिऊन घरी आला, वडिलांना, म्हणजे नानांना, वाटेल ते बोलला आणि वाढलेल्या ताटाला लाथ मारून निघून गेला. भात पार देव्हाऱ्यापर्यंत उडाला होता. या घरात पुन्हा त्याचं नाव निघता कामा नये, असं नानांनी बजावलं आणि ते निघालं नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही. मग उज्वलाने त्याला कागदावर आणलं. तीच जाड भुवई, मान तिरकी करून बघायची तीच खोड. कुठल्यातरी एसटी स्टँडवर कुणाच्यातरी पोराच्या हातात तो हे मासिक बघेल, स्वतःचं ध्यान ओळखेल, त्याचं डोकं फिरेल आणि तो तणतणत येईल, अशी तिची आशा. लाडीगोडीने तो कधी आला नसता. डिवचलं की मात्र हमखास यायचा. निदान भांडायला तरी ये रे, असं ती दर महिन्याला मनात म्हणायची.

तो आला नाही. पण खलनायक असल्यामुळे कागदावर तरी दर महिन्याला परत यायचा. आता तेही संपणार होतं. आज तिला भावाची अशी काही आठवण येत होती की पेन्सिल हातात धरवत नव्हती.

“चहा झाला का गं?” काठी टेकत नाना बाहेर आले आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसले. अंक आला की शब्दकोड्यासाठी म्हणून ते मागून घ्यायचे आणि दुपारभर भिंग लावून बसायचे. कोडी मात्र कोरीच राहायची. वय झालं, सुचत नसेल, असं उज्वलाला वाटायचं.

“हे शेवटचं का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मी म्हातारा हाय, बहिरा नाय. फोनवर तूच बोलत व्हती.”

तिने पान झाकायला हात पुढे केला, तोवर नानांनी खिशातून भिंग काढून ते शेवटच्या चौकटीवर धरलंही होतं. चौकटीत अंधारसेन एका दारापुढे उभा होता. त्याच्या तोंडी रविराजने पाठवलेलं वाक्य होतं, ‘मी चुकलो. मला क्षमा करा.’

“हे खोड,” नाना म्हणाले. “क्षमाबिमा तो मागायचा नाय. भूक लागली म्हनंल.”

उज्वला त्यांच्याकडे बघतच राहिली. नाना भिंगातून वर बघायला तयार नव्हते. तिने वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘भूक लागलीय.’

“केस लय काळे ठेवलेस. पन्नाशी उलटली आता त्याची.”

तिने कानशिलांवरचे केस पिकवले. भुकेल्या माणसाला हसायची गरज नव्हती. इतका वेळ अडलेलं तोंड आता आपसूक जमलं आणि त्या चौकटीत मल्हारी उभा राहिला. तिला डोळे पुसावे लागले.

“आन् हे दार कुठलं?”

“आपलंच की, नाना. गोदाकाठच्या जुन्या जागेचं. ती निळी फळी, ती कडी…”

“ती जागा पाडून तिथं दुकानं झाली,” नाना म्हणाले. “तिथं जाऊन काय करील तो? कुनाला इचारील?”

उज्वलाची पेन्सिल थांबली. इतकी वर्षं तिने त्याला हाका मारल्या होत्या, पण कुठे ये ते सांगितलंच नव्हतं.

तिने निळं दार खोडलं. त्या जागी फ्लॅटचं तपकिरी दार काढलं, शेजारी बेल काढली आणि दारावरच्या पाटीत बारीक अक्षरात लिहिलं, ‘शिवगंगा अपार्टमेंट, दुसरा मजला, इंदिरानगर, नाशिक.’ रविराज कुरकुर करणार हे उघड होतं. करू दे.

“मोठं लिही,” नाना म्हणाले. “त्यालाबी आता चष्मा लागला असंल.”

ती पाटी पुसून मोठी करेपर्यंत नाना उठले. काठी टेकत दारापाशी गेले, दार उघडून बाहेर उभे राहिले आणि त्यांनी बेलचं बटण दाबलं. काही वाजलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

“उजे, ही बेल नीट करून घे. दिवाळीपासून वाजत नाय.”

“अंक छापून यायला अजून महिना आहे, नाना.”

“असू दे,” ते बाहेरूनच म्हणाले. “आजच बोलाव कुनाला तरी.”