‘रदू नको’

मित्रांनो, स्वतःविषयी बोलायला मला संकोच वाटतो. मी प्लँचेट आहे. नासपतीच्या लाकडाची, पानाच्या आकाराची एक जुनी छोटी फळी. खाली दोन पितळी चाकं आणि टोकाला पेन्सिल खोचायला भोक. माझ्यावर बोटं टेकवून मेलेल्या माणसाला प्रश्न विचारला, की माझी पेन्सिल त्याचं उत्तर लिहिते, असं लोक समजतात. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगते.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये एका सुताराकडे मी घडले. तो खेळणी करायचा, म्हणून मला वाटलं, आपणही खेळणंच होणार. पण एका प्राध्यापकांनी मला नेलं. मेलेली माणसं खरंच निरोप पाठवतात का, हे तपासणारी काही शिकलेली मंडळी त्या काळी होती; त्यांतले ते एक. लोक त्यांना हसत, पण त्यांचं काम मनापासूनचं होतं. ते कधी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधत, कधी खोलीत कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट विचारत. पट्टी बांधली की माझ्या ओळी एकमेकींवर चढत. ठाऊक नसलेल्या गोष्टीचं उत्तर कधीच आलं नाही.

पहिल्या महायुद्धानंतर एक धोबीण आली. तिचा मुलगा शाळामास्तर होता, लढाईत गेलेला. तिची बोटं टेकली आणि माझ्या पेन्सिलीतून चुकीच्या स्पेलिंगांच्या जर्मनमध्ये उमटलं, ‘आई, इथे थंडी नाही.’ प्राध्यापकांनी कागद खिडकीशी नेऊन वाचला.

“बाई, तुमचा मुलगा मास्तर होता. इतक्या सोप्या शब्दांत तो चुका कशा करेल?” ते हळूच म्हणाले. “या चुका तुमच्या आहेत. मेलेली माणसं नेहमी जिवंतांच्याच चुका करतात.”

“चुका माझ्या असू देत,” ती म्हणाली. “पोर तर माझंच ना?”

तिनं कागदाची घडी करून एप्रनच्या खिशात घातली. पुन्हा ती आली नाही.

मी आयुष्यात शिकले ते एवढंच. मी कधी स्वतःहून हललेली नाही. कुणी मला जाणून ढकलतं, कुणी नकळत. कोण कसं, हे मला अजूनही ओळखता येत नाही.

पुढे प्राध्यापक गेले. मी माळ्यांवर, खोक्यांत पडून राहिले. गेल्या हिवाळ्यात इथल्याच जुन्या वस्तूंच्या बाजारात, नागपूरहून येऊन जर्मनीत स्थायिक झालेल्या कांताबाईंनी मला उचललं. “हॉस्टेलात आम्ही वाटी उपडी घालून करायचो,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

त्यांचा मुलगा विपुल सतरा वर्षांचा होता. सायकलवरून शाळेतून येताना वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला तो दिसलाच नाही. तो नऊ वर्षांचा होईपर्यंत नागपूरच्या शाळेत शिकला होता, मराठी स्वच्छ लिहायचा. धाकटी क्षमा इथेच जन्मली. तिला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. आईलाही ती इथल्या मुलांसारखं ‘मामा’ म्हणायची. त्यावर तिचे बाबा, दादाराव, चिडवायचे, “मामा नागपूरला असतो गं, ही तुझी आई!” विपुल गेल्यापासून हा विनोद बंद झाला होता. कांताबाई अजून विपुलचं ताट मांडायच्या. क्षमा शाळेतून कधी आली, हे मात्र त्यांना कळायचं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

“कांता, ज्या घरात आपण बुद्धवंदना म्हणतो, तिथं हे? आपण आत्मा मानत नाही,” दादाराव म्हणाले.

“अहो, मी कुठं आत्मा मागतेय? माझा पोरगा मागतेय.”

दादाराव जॅकेट चढवून बाहेर गेले.

“क्षमा, बस समोर. एकटीनं होत नाही हे.”

“नाइन, मामा,” क्षमानं मान हलवून नकार दिला.

“बस म्हणते ना!”

दोघींची बोटं माझ्यावर टेकली. क्षमाची गार होती.

“विपुल, बाळा, आहेस का?”

बराच वेळ काही झालं नाही. मग मी सरकू लागले. कागदावर वेडीवाकडी अक्षरं उमटली: ‘आई रदू नको. मी थीक आहे.’

कांताबाईंचा चेहरा आधी उजळला. मग त्यांनी पुन्हा वाचलं. रदू. थीक. विपुल असं कधीच लिहीत नसे. ‘ड’ आणि ‘ठ’ या घरात एकाच व्यक्तीला जमत नव्हते. त्यांनी समोर पाहिलं. क्षमाची मान खाली होती.

मला वाटलं, आता त्या मला फेकून देणार. पण त्यांनी बोटं उचलली नाहीत. थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, त्यांनी मलाच विचारलं, “आणि आमची क्षमा कशी आहे रे?”

पेन्सिल कितीतरी वेळ जागची हलली नाही. मग लिहिलं गेलं: ‘क्षमा पन रदते. कोनी बघत नाही.’

कांताबाईंनी माझ्यावरचा हात काढला आणि त्या गार बोटांवर ठेवला. विपुल आला नव्हता, येणारही नव्हता. त्या मोठ्यानं रडल्या. क्षमाही रडली.

आता मी तळघरात असते, गाडीच्या हिवाळी टायरांच्या शेजारी. परवा क्षमा एकटीच खाली आली. माझ्यावर एक बोट ठेवून तिनं विचारलं, “विपुल, बिस्ट दू दा?” आहेस का रे? आईसाठी तिनं लिहिलं होतं. तिच्यासाठी लिहिणारं कुणी नव्हतं. मित्रांनो, त्या क्षणी मला हलायचं होतं. लाकडाला हवंसं वाटतं का, मला माहीत नाही. मी हलले नाही.

जिन्यावरून हाक आली, “क्षमा, जेवायला ये गं! वाट बघतेय मी.”

क्षमानं डोळे पुसले. “आले, आई,” ती म्हणाली आणि वर गेली.

मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यावर बुरशी चढली तरी चालेल. पण टेबलापलीकडे कुणी गप्प बसलं असेल, तर त्याला स्वतःच्या नावानं बोलू द्या. मग ते कुठल्याही भाषेत असो, कितीही चुका होवोत. तेवढ्यासाठी त्याला मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लावू नका.