फ्राउ हार्म्सचं ताट

मनोरमेनं पाचवी पुरी फ्राउ हार्म्सच्या ताटात टाकली. बाई "नाइन, नाइन" म्हणाल्या खऱ्या, पण असं नको-नको तर आपल्याकडे सगळेच म्हणतात! आणि बघता बघता ताट पुन्हा लख्ख. मग काय, सहावी.

नवरा उल्हास गेल्यापासून वर्षभरात त्या घरात जेवायला आलेलं हे पहिलं माणूस. मुलगा सत्यजित दूर दक्षिणेत, नेकारसुल्म गावी, रविवारी फोन करायचा तेवढाच. हॅम्बर्गमध्ये पस्तीस वर्षं काढूनही मनोरमेला एकटीपुरता भात लावता येत नव्हता. म्हणून समोरच्या दारातल्या, सत्तरीला टेकलेल्या या बाईंना तिनं बोलावलं होतं आणि मोठ्या हौसेनं वाढलं होतं.

फ्राउ हार्म्स पुन्हा आल्याच नाहीत. दोनदा बोलावलं, दोनदा सबब. जिन्यात गाठ पडली की घाईघाईनं दार लावून घ्यायच्या. मनोरमेच्या जिवाला ते फार लागलं. एवढं बोलायचं माणूस, तेही तुटलं.

शेवटी तिनं त्यांना जिन्यातच गाठलं.

"माझं जेवण आवडलं नाही का?"

"आवडलं हो. पण नंतर दोन दिवस मी आजारी होते."

"अहो, मग टाकायचं ना पानात!"

"तेच जमत नाही." फ्राउ हार्म्स कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "सेहेचाळीसचा हिवाळा. युद्ध हरलेलो. सरकार नाही, नोटांना किंमत नाही, सिगारेटी दिल्या तर बटाटे मिळायचे. आईनं शिवणयंत्र देऊन एक पोतं आणलं. ती रोज तीन सारखे वाटे करायची. धाकटा भाऊ आपला वाटा संपवून माझ्या ताटाकडे बघत बसायचा. मी आठ वर्षांची. एकदाही त्याला माझ्यातलं दिलं नाही. मार्चमध्ये तो गेला."

मनोरमेनं आपलं दार उघडलं.

"चला," ती म्हणाली. "आज तुम्हीच वाढा. हवं तेवढंच घ्या."

स्वयंपाकघरात तिनं डाव त्यांच्या हातात दिला. फ्राउ हार्म्सनी दोन्ही ताटांत बटाट्याची भाजी वाढली, अगदी सारखी. दोघी जेवल्या. मनोरमेचं पोट गच्च भरलं.

बाईंच्या ताटात एकच फोड उरली होती. बाई त्या फोडीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग चमच्यानं उचलून त्यांनी ती मनोरमेच्या ताटात ठेवली.

मनोरमा नको म्हणाली नाही. तिनं ती फोड खाल्ली.