पंचाहत्तर यायला हवेत

बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे सहा थेंब – विरघळू द्यायचं नाही, नुसतं ओलं करायचं – आणि शेजारी ते काड्यापेटीएवढं दमटपणा मोजायचं मीटर. दोन्ही एका घट्ट मिटलेल्या पारदर्शक पिशवीत, पिशवी जेवणाच्या टेबलावर, आणि समोर ताई, हातात लाल पेन, पुढ्यात छपाईआधी तपासायला आलेली शाळेच्या भूगोलाची मुद्रितं, ज्यातली एकच ओळ ती मघापासून चौथ्यांदा तपासत होती.

मीटरवर एकावन्न.

काल एसी साफ करायला आलेला मेकॅनिक जाळीवरची धूळ झटकता झटकता सहज म्हणाला होता, "मॅडम, हे मीटर कधी तपासलंय का? स्वस्तातली दहा-बारा कमी दाखवतात. ओल्या मिठाबरोबर बंद पिशवीत ठेवून बघा. आठ तासांनी पंचाहत्तर टक्के यायला हवेत. जितके कमी, तितकी चूक." आणि शिडी उचलून निघून गेला. बोलून मोकळा झाला.

धाकटी बहीण इथे येऊन चार महिने झाले होते. नवऱ्याचं घर सोडून, दोन बॅगा आणि दम्याचा पंप घेऊन. तिच्यासाठीच तर सगळं... खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या, धूळ नको म्हणून पडदे काढलेले, घसा कोरडा पडतो म्हणून तिच्या उशाशी धुकं सोडणारा ह्युमिडिफायर, ज्याची टाकी रोज संध्याकाळी ताईच भरायची, मीटर बघून, चोख. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? "पन्नासच्या वर जाऊच देत नाही मी," ताई ऐटीत म्हणाली होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि औषध वाढवलं.

"मिठाला आयसीयूत का ठेवलंयस गं?" धाकटी दारात, शाल गुंडाळून.

"मीटर तपासतेय."

"मग? पास होणार का?"

"संध्याकाळी कळेल. पंप घेतलास?"

"घेतला, मास्तरीणबाई." ती हसली, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला आतल्या खोलीपर्यंत तिच्याबरोबर गेला. ताईने ठसके मोजले. सात.

अठ्ठावन्न.

वर चढतोय आकडा, चढू दे... ती इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. धाकटी खिडकीशी उभी, कडीवर हात – "जड वाटतंय गं इथे. दमट. उघडू?" – आणि ताईने उशाजवळचं मीटर उचलून तिच्या डोळ्यांपुढे धरलं होतं. "शेहेचाळीस. बघ. दमट असूच शकत नाही. तुझ्या मनाचे खेळ आहेत." धाकटीने हात काढून घेतला. किती सवयीने काढून घेतला! तेव्हा ताईला बरंच वाटलं होतं, ऐकते म्हणून.

मनाचे खेळ. हे शब्द आले कुठून? पहिल्या दिवशी धाकटीच सांगत होती, चहाचा कप दोन्ही हातांत धरून – मला धाप लागली ना, की हे म्हणायचे, तुझ्या मनाचे खेळ आहेत. आणि ताई कडाडली होती, "माणूस आहे की कोण!"

'बाश्प' खोडून तिने 'बाष्प' केलं. ताईने बहिणीला खोटं ठरवलं... दुरुस्ती : 'ताईने' काढा. मी. मी ठरवलं. मी रोज टाकी भरली, मी पट्ट्या चिकटवल्या, अंगठ्याने दाबून दाबून, एक फट राहू दिली नाही मी.

त्रेसष्ट, दुपारी तीन वाजता. मग चौसष्ट. पाच वाजता चौसष्ट. पाणी कमी पडलं असेल. पिशवीतून हवा जात असेल. तिने पिशवीची कड पुन्हा बोटांनी दाबत नेली, कान लावला – पिशवीला कान लावला!

सहा. आठ तास झाले. चौसष्ट.

पंचाहत्तरातून चौसष्ट, अकरा. म्हणजे शेहेचाळीसला सत्तावन्न. पन्नासला एकसष्ट. धाकटीच्या कपाटामागची भिंत बाहेरच्या बाजूची, सदा गार, आणि ते कपाट चार महिन्यांत कुणी हलवलेलं नाही; मागे बुरशी धरली असेल.

न सांगताही चाललं असतं. ह्युमिडिफायर माळ्यावर टाकायचा, खिडक्या उघडायच्या, मेकॅनिकने सांगितलं म्हणायचं. धाकटीला बरं वाटलं असतं, आणि ती म्हणाली असती, ताई, तू होतीस म्हणून... नको. ते तर नकोच.

ती आत गेली. ह्युमिडिफायरचं बटण बंद केलं. बारीक घरघर थांबली.

"का गं?"

"तुला इथे कसं वाटतंय?" ताईने विचारलं. "या खोलीत. आत्ता."

धाकटी उठून बसली. तिने श्वास घेऊन पाहिला नाही. तिची नजर उशाजवळच्या स्टुलावर गेली, तिथे काही नव्हतं, मग खिडकीच्या कट्ट्यावर, मग ताईच्या रिकाम्या हातांवर.

"मीटर कुठेय? किती आहे?"

"बाहेर आहे. तू सांग."

"मला काय कळतंय त्यातलं," धाकटी ओशाळून हसली. "ठीकच असेल की. तू बघतेस ना."

ताई पलंगाच्या कडेवर टेकली. अकरा तिच्या ओठांशी आले होते, पण तो पुन्हा आकडाच, पुन्हा तिनेच बहिणीच्या डोळ्यांपुढे धरलेला. दिवसभर भीती त्या कपाटामागच्या भिंतीची होती. आता भीती वाटू लागली ती स्वतःच्याच आवाजाची – इतक्या ठामपणे बोलणाऱ्या, आणि इतक्या मायेने. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत थांबली होती.