नऊ वाफे

मंगळवार, एक जुलै. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी तुळसाबाईच्या रस्त्याकडच्या बांधीत, बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, रोटावेटर उतरला. साडेआठला तो बाहेर निघाला, तेव्हा धानाच्या पऱ्ह्यांचे, रोवणीच्या रोपांचे, नऊ वाफे चिखलात मिसळले होते.

तुळसाबाई त्या वेळी परसवाड्याला राशनच्या दुकानात अंगठा लावत होती. घासून घासून रेषा गेलेला अंगठा यंत्र ओळखेना. चौथ्यांदा पुसून लावला तेव्हा तांदूळ मिळाला. पिशवी डोक्यावर घेऊन ती गावात आली, तर बांधावर शेतीसुधारणेच्या एका संस्थेची पांढरी जीप उभी होती आणि तिचा मुलगा महेंद्र संस्थेच्या साहेबांशी हिंदीत हसून बोलत होता.

नऊ वाफ्यांत नऊ जातींचं धान होतं. सासू मैनाबाईनं ते तिच्या ओटीत घातलं त्याला एकेचाळीस वर्षं झाली. कोवळेपणी सगळी रोपं सारखीच दिसतात. एका जांभळीची काय ती दांडी तांबूस. बाकीची ओळखायची ती जागेवरून. विहिरीकडून पहिली लुचई, मग भुरकी, मग हरदी, असा क्रम मैनाबाईनं लावून दिला होता आणि तुळसाबाईनं तो एका वर्षीही मोडला नव्हता. भुरकी तर आता आजूबाजूच्या गावांत कुणाकडेच उरली नव्हती.

गेल्या साली डुकरांनी पीक तुडवलं. प्रत्येक जातीचं मूठ-दीड मूठ बी हाती आलं, ते तिनं सगळं पेरलं. बी घरात झोपू दिलं की रुसतं, पुढच्या साली उगवत नाही, हा मैनाबाईचा नेम. महेंद्रला वाटलं, मायच्या गाडग्यात अजून असेलच. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

धानाऐवजी मका लावायला रस्त्याकडचीच बांधी हवी, ही संस्थेची अट होती. पाटी जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसायला पाहिजे. पाटी लागलीही होती: फसल विविधीकरण, आदर्श खेत. खाली महेंद्रचं नाव.

तिनं विचारलं, हे काय आहे. साहेबांनी उन्हात उभं राहून नीट समजावलं. त्यांचा आवाज चढला नाही. एकाच पिकावर राहणं धोक्याचं, एक रोग आला की सगळं जातं, चार तऱ्हा असल्या तर एखादी तरी तगते. तुळसाबाई मान हलवत ऐकत राहिली. यातलं एकही वाक्य तिला नवं नव्हतं.

"माही सासू हेच सांगे, साहेब," ती म्हणाली. "म्हणूनच तं नऊ होते."

साहेबांनी महेंद्रकडे पाहिलं. महेंद्रनं हिंदी केलं. साहेबांनी हातातला फॉर्म चाळला.

"सब धान ही तो है, अम्मा. एक ही गिना जाएगा."

मग फोटो झाला. मक्याच्या बियाण्याचं पाकीट तिच्या हातात दिलं, महेंद्रनं तिचा पदर सारखा केला. हसा, म्हणून सांगितलं. ती हसली नाही, तर साहेब म्हणाले, चलेगा.

जीप गेल्यावर ती चिखलात बसली. कडेला रोटावेटर पोचला नव्हता तिथली आणि ढेकळांत अडकलेली रोपं वेचू लागली. शेजारचा डोमाजी बांधावरून म्हणाला, "तुळसाबाई, आता सगळ्याइची एकच जात झाली व. जनगणनेले सोपं."

महेंद्र हसला. मग त्यानं तिला गाडग्यातलं दुसरं बी टाकायला सांगितलं.

"गाडगं रिकामं हाय."

"काहून?"

"पेरलं ना सारं."

"मंग मले पहिले सांगाचं होतं," तो म्हणाला आणि मक्याचं पाकीट फोडलं.

जगण्याजोगी रोपं दोनशे अकरा निघाली. जांभळी सात, तेवढी कळली. उरलेल्या दोनशे चारांत भुरकी किती, किंवा आहे की नाही, हे लोंबी फुटेपर्यंत सांगता येणार नव्हतं. तिनं ती खालच्या बांधीत एकेक करून रोवली आणि रोज जाऊन मोजली.

वर, रस्त्याकडच्या बांधीत, मका उगवला. पायाशी पाणी साचलं की मका सडतो, म्हणून साहेबांनी फोनवर सांगितलं, बांध फोडून पाणी खाली काढा. संस्थेनं दिलेल्या पेटीत तणनाशकाची बाटली होती; मक्याला ते सोसतं, धानाला नाही. महेंद्रनं ती गुरुवारी, चोवीस तारखेला फवारली. त्याच संध्याकाळी पाऊस आला, आणि महेंद्रनं बांध फोडला.

शुक्रवारी सकाळी तुळसाबाईनं बांधातली फोड चिखलानं बुजवली. दुपारी महेंद्रनं ती पुन्हा उघडली. सून प्रियंकानं त्याला म्हटलं, मायचं धान खाली आहे. तो म्हणाला, सोमवारी साहेब पाहायला येऊन राह्यले, मका पिवळा पडला तर पाटी काढून नेतील. तुळसाबाई तिथंच उभी होती. तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवला आणि फावडं घरी घेऊन गेला.

शनिवारी सकाळी सात वाजता फोड उघडी होती. खालच्या बांधीत घोट्याएवढं पाणी होतं. एकशे नव्वद रोपं उभी होती, त्यांतल्या बऱ्याच रोपांचे शेंडे पिवळे. औषधानं की उन्हानं, डोमाजीला सांगता आलं नाही. तुळसाबाई तेव्हा फोडीत दोन्ही हातांनी माती लोटत होती आणि पाणी ती नेत होतं.