बिनतारेची खांबाई

बोरहट्टीच्या वेशीवर त्या अमावास्येला पाय ठेवायला जागा नव्हती. निपाणीकडून माणसांनी खच्चून भरलेल्या वडापच्या जीपा एकामागून एक येत होत्या. कुणी तर बेळगावच्या खडेबाजारातलं दुकान बंद ठेवून आलं होतं. सगळ्यांच्या मधोमध उभा होता विजेचा एक जुना लाकडी खांब. त्याला हिरवं लुगडं नेसवलेलं, गळ्यात झेंडूच्या माळा (खांबाला गळा कुठला, पण भक्तांना तोही सापडला होता) आणि छातीच्या उंचीवर ठोकलेला देवीचा पितळी मुखवटा. नाव ठेवलं होतं खांबाई.

भक्तानं पाय धुवायचे, खांबाभोवतीच्या ओल्या मातीत अनवाणी उभं राहायचं आणि मुखवट्यावर हात ठेवायचा. ठेवला की खांद्यापर्यंत असा सणका जायचा की माणूस किंचाळून मागं यायचा. मग रडायचा, हसायचा आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहायचा. खांबावर तार मात्र एकही नव्हती.

"वर बघा, वर!" चौरंगावर बसलेले तेजोनाथ बाबा माईकवरून ओरडत होते. "बेळगावची वीज तारेतून येते! मुंबईची वीज तारेतून येते! खांबाईची वीज भक्तीतून येते! मीटर नाही, बिल नाही, लोडशेडिंग नाही!"

टाळ्या पडल्या. मग बाबा स्वतः खडावा खटखटवत खांबाजवळच्या पाटावर चढले आणि मुखवट्यावर तळहात टेकवला. काहीच झालं नाही. "आई कधी लेकराला मारते का?" असं म्हणत ते परत येऊन बसले. मग रांगेतली माणसं कुणाची लेकरं, हे कुणी विचारलं नाही.

खांबाची खरी गोष्ट साधी होती. बाकी मुलखात सरकारी कंपनी वीज देते, पण इथल्या खेड्यांनी जुन्या काळी स्वतःची वीज सोसायटी काढली. तारेनं गाईचं दूध आटतं, तारेनं पाऊस पळतो, असं म्हणणाऱ्यांची समजूत घालत सभासद गावोगाव फिरले. खड्डे त्यांनीच खणले, खांब बैलगाडीतून आणले. बोरहट्टीत पहिला उभा राहिला तो हा. पुढं सिमेंटचे खांब आले, लाइन दुसरीकडून गेली, पण आठवण म्हणून सोसायटीनं हा ठेवला. दर खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेदिवशी, कर्मचारी त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडायचे. तेवढ्या हळदकुंकवावर बाबांनी देवी बसवली होती.

सोसायटीची तरुण इंजिनिअर रचना त्या दिवशी खांब तपासायला आली, ती चेअरमनच्या सांगण्यावरून. "खांब आपला हाय," ते म्हणाले होते. "कुणाला काय झालं तर नाव आपलं जाणार. सोसायटी बंद करा म्हणणारे टपूनच बसलेत. आपली वीज न्हाय एवढं बघ, सांग आणि ये. बाकीच्यात पडू नको."

रचनानं मुखवट्याला टेस्टर लावला. तो पेटला नाही.

"झालं यंत्राचं?" बाबा चौरंगावर जरा सरसावून बसले. "आता हात लावा, ताई."

तिनं हात लावला आणि झटका बसला. मग श्वासभर काही नाही. पुन्हा झटका. पुन्हा काही नाही. ठेक्यात येणारा हा झटका तिच्या चांगल्या ओळखीचा होता. खानापूरकडं तिच्या वडिलांच्या शेताला रानडुकरांसाठी झटक्याचं कुंपण होतं आणि लहानपणी खेळता खेळता त्याला तिचा कितीदा तरी हात लागला होता. लाइनची वीज अशी ठेका धरून येत नाही. म्हणजे कुठंतरी यंत्र लपवलेलं होतं, हे तिला तिथंच कळलं.

माईक तिच्या तोंडापुढं आला. समोर मोबाइलांची भिंत. "सांगा ताई, तुम्ही इंजिनिअर. आहे का वीज?"

रचनाला चेअरमनचे शब्द आठवले. त्या गर्दीची भीतीही वाटली. "या खांबाला सोसायटीची वीज नाही," ती म्हणाली आणि स्कूटीकडं चालू लागली. बोलली त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तर तिची तिलाच लाज वाटत होती. तिची सख्खी आत्या जयाबाई त्याच गावात राहायची, पण आत्तीनं काही विचारलं तर काय सांगायचं, म्हणून रचना घरावरून तशीच पुढं गेली.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर होता. वर मथळा: 'इंजिनिअरही हरली'. चेअरमननी फोन करून शाबासकी दिली. ती रचनाला बोचली, तरी 'बरं' म्हणून तिनं फोन ठेवला.

मग एके दिवशी आत्तीच्या नवऱ्याचा, भावकूमामांचा फोन आला, निपाणीच्या दवाखान्यातून. जयाबाईला साखरेचा आजार होता, तळपाय बधिर झालेले. अंगठ्याला साधी जखम झाली होती. तिनं इन्सुलिन सोडलं होतं, पट्टी सोडली होती आणि खांबाईच्या वाऱ्या धरल्या होत्या. जखम आता काळी पडली होती. बोटं तर काढावी लागतील, पाय राहील का ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"पायात मुंग्या आल्या गं," आत्ती खाटेवरून सांगत होती. "मेलेल्या पायात जीव आला असं वाटलं. मी पण आधी भीत हुते. पर तू व्हिडिओत सांगितलंस न्हवं, वीज न्हाय म्हणून? म्या म्हटलं, वीज न्हाय तर देवीच असणार."

रचनानं तिचं पांघरूण सारखं केलं. बाबांना शिव्या घालायला ती मोकळी होती, पण शिवी ओठावर आली की आधी स्वतःचाच चेहरा डोळ्यांपुढं यायचा. बाहेर आल्यावर तिनं भावकूमामांना एकच मागितलं, त्यांचा जुना रेडिओ.

पुढच्याच दिवशी सकाळी दोघं खांबापाशी गेली. गर्दी तशीच होती. रचनानं रेडिओ लावला, काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आणला. नुसती खरखर, आणि त्यात ठेक्यात येणारा आवाज: टक्... टक्... टक्...

"बाई, गाणी ऐकायला आलाय काय?" कुणीतरी विचारलं. लोक हसले.

मुखवट्यावर तेव्हा देवाप्पा नावाच्या शेतकऱ्याचा हात होता. "अण्णा," रचना त्याला म्हणाली, "जरा कळ काढा. झटका बसला की 'हं' म्हणा."

टक्, "हं!" टक्, "हं!" टक्, "आई गं!" देवाप्पानं हात काढून घेतला, पण तेवढ्यात सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. देवी रेडिओवर बोलत होती.

"झटक्याचं यंत्र चालू असलं की रेडिओत अशी टकटक येते," रचना मोठ्यानं म्हणाली. "आमच्या घरी रोज यायची. आता आवाज कुठं वाढतोय बघा." ती रेडिओ घेऊन चालू लागली. चौरंगाजवळ टकटक एवढी वाढली की लांबच्या माणसालाही ऐकू आली.

"आसनाला हात लावाल तर भस्म व्हाल!" बाबा गरजले.

"माझं वय झालंय, मी व्हतो की भस्म," असं म्हणत भावकूमामांनी चौरंगाचं भगवं कापड वर केलं.

आत एक पेटी होती, बॅटरी होती. एक वायर जमिनीत पुरलेल्या सळीला. दुसरी मातीखालून खांबापर्यंत आणि लुगड्याच्या आतून मुखवट्याच्या पाठीला. बटण बाबांच्या मांडीखाली. टेस्टर लावताना ते बंद होतं, म्हणून टेस्टर पेटला नव्हता.

देवाप्पा वाकून बघत राहिला. "आरं, ही तर झटका मशीन! माझ्या भुईमुगाला हाय की. डुकरं एकदा झटका खाल्ली की परत येत न्हाईत. आमी रांग लावून परत आलो!"

"आणि बाबांना का बसत नाही?" रचना म्हणाली. "पायात सुक्या लाकडाच्या खडावा, खाली सुका पाट. तुमचे पाय ओले, माती ओली. काढा बाबा खडावा आणि उतरा चिखलात."

बाबांना एकाएकी सोवळं आठवलं. ते गाडीकडं निघाले, पण वाट देणारं कुणी नव्हतं. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

"ह्यो खड्डा मी खणलाय," भावकूमामा लोकांना सांगत होते. "खाली देवी न्हवती, मुरूम हुता. गावात उजेड आणला तो माणसांनी राबून."

"ते खरं," देवाप्पा रचनाकडं वळला. "पर बाई, वीज न्हाय म्हणून तुमीच सांगितलासा की."

रचनानं बाबांचा माईक उचलला. "सोसायटीची वीज नाही, एवढंच मी सांगितलं. झटका यंत्राचा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. सोसायटीचं नाव खराब होईल म्हणून, आणि तुम्हाला भिऊन, मी ते गिळलं. माझी आत्ती त्यानं दवाखान्यात आहे. मी इंजिनिअर आहे म्हणून माझ्यावरसुद्धा डोळे मिटून विश्वास ठेवू नका. चमत्कार दाखवला की आसन उचलून बघा, खडावा काढायला लावा, विचारा. आणि कुणाचंही ऐकून औषध बंद करू नका."

टाळ्या पडल्या नाहीत. लोक खाली बघत पांगले.

जयाबाईचा पाय वाचला, पण पुरता नाही. बोटं गेली, पुढचा अर्धा तळवा गेला. ती बोलण्याइतकी सावरली तेव्हा रचनानं तिलाही सगळं सांगितलं, काही न गाळता.

जयाबाईनं पट्टी बांधलेल्या पायावर चादर ओढली. मग म्हणाली, "त्या दिवशी दारावरनं गेलीस, ते बघितलंतं मी. थांबून नुसतं म्हणायचं हुतंस, आत्ती, जाऊ नको, खोटं हाय ते. बुवाचं सोडून तुझं ऐकलं असतं मी. ज्याला कळतंय त्यानं तेव्हाच बोलावं बाई."

रचनानं तिचा हात धरला. आत्तीनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.