मंगळवारची यादी

नळ खाकरला. दुपारी सगळी आळी निजलेली असते, त्यामुळं ते जरा जास्तच ऐकू येतं. आधी हवा, मग गढूळ पाण्याची पिचकारी, मग धार. म्हणजे केशरच्या बाबांनी टाकीची चावी सोडली. ते पंचायतीचे वॉटरमन. वरच्या आळीलाही पाणी सोडून घरी यायला त्यांना अर्धा तास लागतो.

मी घागर लावली आणि परत वहीपाशी बसले. केशर चटईवर पालथी निजली होती, एक मूठ माझ्या पदरात अडकवून. पाच वर्षांची झाली तरी ही सवय जात नाही. मूठ न सोडवता लिहायला मी शिकले आहे.

वही पंचायतीची. कोरोनाच्या वर्षी केंद्राकडून आलेला पैसा गावात कसा खर्चला, त्याची. उद्या ग्रामसभेत ती सगळ्यांसमोर वाचणार आहेत. जुन्या वहीला वाळवी लागली म्हणून पीडीओ साहेबांनी, म्हणजे पंचायतीच्या अधिकाऱ्यांनी, नवी नक्कल मागितली. पंचायतीचं लिखाण कन्नडात, आणि मी रामनगरच्या कन्नड शाळेत शिकलेली, अक्षर बरं, म्हणून काम आमच्या घरात आलं. "डोकं लावू नकोस, बघून लिही," एवढंच हे म्हणाले होते.

बघूनच लिहीत होते. गावातली बासष्ट घरं, घरटी तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण. मग शेवटचं पान आलं : बाळंतिणी आणि तान्ही मुलं. पहिलंच नाव माझं. दुधाच्या पावडरीचे चार डबे, घरी नेऊन दिले. पुढं सही यांची. सहीखालची शेपटी मी ओळखते, लग्नाच्या पत्रिकेवरही तशीच आहे.

मला त्या वर्षी दूध पुरत नव्हतं. मी नाचणीचं आंबील पीत होते आणि केशर रात्रभर रडत होती. डबा एकही आला नव्हता.

पानाच्या डोक्यावर तारीख होती, १८ मे, मंगळवार. मी ती दोनदा वाचली.

तेवढ्यात शेजारच्या सुमंगलाक्का कुंपणावरून डोकावल्या. मी वहीवर टॉवेल टाकला.

"काय गं, प्रेमपत्र लिवतीस व्हय?"

"हिशोबाचं आहे. अक्का, कोरोनाच्या वर्षी पंचायतीचं किट आलं होतं का तुमच्यात?"

"आलं हुतं की. एक मास्क. तुझ्याच नवऱ्यानं दिला, दोरी तुटलेला. बोकड मिरचीची रोपं खात हुता, त्याच्या तोंडाला बांधला. सरकारची तेवढी मदत झाली बघ."

"आणि तांदूळ, तेल?"

"सपान पडलं काय तुला?" त्या हसल्या. मग टॉवेलाकडं बघून हसू थांबलं. "का गं इचारतीस?"

"उगीच."

त्या गेल्या, पण दोनदा मागं वळून बघत गेल्या.

त्या मे महिन्यात गावानं वार धरला होता. मरीआईसाठी पाच मंगळवार गाव सोडायचं. उजाडायच्या आत माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं शेतात. वेशीला काटेरी फांद्या लावायच्या, आत चूल पेटवायची नाही, दिवेलागणीपर्यंत कुणी पाऊल ठेवायचं नाही. केशर तेव्हा वीस दिवसांची. सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, पण वार त्याहून मोठा. सासूबाईंनी जांभळाखाली लुगड्याची झोळी बांधली होती. दिवसभर मी तिच्या तोंडावरच्या माश्या वारल्या. अठरा तारखेला आमच्या घरी डबे नेऊन देणारा कोण होता? आणि घेणारा कोण?

हे आले. उभ्यानंच पाणी प्यायले.

"झालं?"

"बाळंतिणींचं पान राहिलंय."

"तेवढं लिही. फक्त तारीख एकोणीस घाल. बुधवार."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "तुम्हीच बघून लिही म्हणाला होता की. वहीत अठरा आहे."

"साहेब घाटाखालचे. त्यास्नी आमचा वार काय ठावं? मनाला आली ती तारीख घातले. उद्या वाचल्यावर गाव म्हणंल, मंगळवारी तर गावात कुत्रं न्हवतं."

"आणि बुधवारी वाटलं?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "बुधवारी निदान माणसं हुती."

"केशरच्या दुधाचे डबे कुठं गेले?"

"मला काय ठावं? सही कर म्हणाले, केलो. तवा मी रोजंदारीवर. पुढच्या म्हयन्यात कायम केले. त्याच नोकरीवर घर चाललंय न्हवं?"

"आमच्या नावाचे होते हो."

"न्हाई बघितलो मी डबे. केशरची शपथ."

शपथ त्यांनी फार पटकन घेतली. त्याच महिन्यात बारशाला त्यांनी केशरसाठी चांदीचे वाळे आणले होते. कुठून, म्हटल्यावर मित्राकडं स्वस्तात मिळाले म्हणाले. मी खूश होऊन पुढं विचारलं नव्हतं. आता विचारावंसं वाटलं, आणि भीतीही वाटली. बाहेरच्या माणसाला वार कळत नाही, म्हणून त्यानं अठरा लिहिली. ती चूक यांना मात्र दिसली होती. किती वर्षांपासून दिसत होती?

मी पान पुढं ओढलं. तीन बाळंतिणींची नावं लिहिली, आधी माझं. डोक्यावर तारीख घातली, १८ मे. आणि मंगळवार.

"दीपे, नोकरी जाईल."

"नक्कल मागितली ना? जसं आहे तसं लिहिलं."

"माझी सही हाय तिथं."

"आहे."

त्यांनी वही घेतली नाही, रागावलेही नाहीत. उंबऱ्यावर बसून विडीचं पाकीट नुसतं उलटंसुलटं करत राहिले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पदर ओढला गेला. केशर जागी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. गालावर चटईचे वळ उमटलेले. तिनं बाबांच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई," ती म्हणाली, "माझं दूध मग कुणी पिलं?"